जुन्या लिफ्टच्या पॅनेलला हात लावण्याआधी: ड्रॉइंग शोधणं, पडताळणं आणि मग काम करणं

गिरगाव, दादर, फोर्ट भागातल्या जुन्या इमारतींत अजूनही जाळीच्या दाराच्या लिफ्ट चालतात. दार ओढून घेतलं, बटण दाबलं की वर मशीन रूममध्ये रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच) खटाखट बोलतात, ब्रेक सुटतो आणि केबिन निघते. आयटीआयमधून लिफ्टचा ट्रेड करून आलेली मुलं-मुली ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) आणि डिस्प्लेवरच्या एरर कोडमध्ये तयार असतात. रिले पॅनेलसमोर उभं केलं की गांगरतात, कारण इथे कोड नाही. काय बिघडलंय ते सांगणारी गोष्ट एकच, ड्रॉइंग. आणि ते ड्रॉइंग याच पॅनेलचं आहे का, हे आधी आपल्यालाच ठरवावं लागतं.

मी ते ठरवलं नव्हतं. १९९६ साली मी नुकता हेल्परचा मेकॅनिक झालो होतो. चार मजली इमारत, लिफ्ट मध्येच थांबायची. सिनियर रजेवर. माझ्याकडे 'त्याच मॉडेलच्या' दुसऱ्या साइटची झेरॉक्स होती. तिच्यात १४ आणि १५ नंबरच्या टर्मिनलमध्ये (तारा जोडायच्या जागांमध्ये) फक्त तिसऱ्या मजल्याच्या दाराचा लॉक काँटॅक्ट दाखवलेला. तोच खराब आहे का बघू म्हणून मी तिथे तार मारली, म्हणजे दोन टर्मिनल तारेने जोडून तो काँटॅक्ट ओलांडला. लिफ्ट चालू झाली आणि मी खूश. पण या पॅनेलमध्ये १४ ते १५ म्हणजे कार गेटपासून (केबिनच्या दारापासून) सगळ्या मजल्यांच्या लॉकपर्यंतची पूर्ण सुरक्षा साखळी होती. तिच्यातला एकही काँटॅक्ट उघडा असेल तर लिफ्ट निघू नये, यासाठी ती असते. तिसऱ्या मजल्यावर एक काकू भाजीची पिशवी घेऊन आत पाय टाकत होत्या, खालून कुणी बटण दाबलं, आणि दार उघडं असताना केबिन निघाली. त्या मागे झाल्या, पिशवी शाफ्टमध्ये गेली. पिटमधून, म्हणजे शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यातून, ती पिशवी मीच काढून आणली. त्यानंतर दुसऱ्या साइटच्या कागदावर मी कधी काम केलं नाही.

हा लेख नव्या मेकॅनिकसाठी आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो जरूर वाचावा, म्हणजे मेकॅनिककडे काय मागायचं ते कळेल. पॅनेल मात्र उघडू नये.

१. आधी लिफ्टची ओळख पटवा

पॅनेलच्या दारावर किंवा आतल्या बाजूला पत्र्याची पट्टी असते. कंपनी, जॉब नंबर, कंट्रोलचा प्रकार, मोटरचा व्होल्टेज, कंट्रोल सर्किटचा व्होल्टेज, वर्ष. वहीत उतरवा आणि फोटोही काढा. मशीनवरची पट्टी वेगळी असते, तीही टिपा. दोन्हींवरचे नंबर जुळत नसतील तर दचकू नका. मधे कधीतरी मशीन किंवा पॅनेल बदललेलं असतं. पण मग ड्रॉइंग शोधताना पॅनेलचा नंबर धरायचा, मशीनचा नाही.

जॉब नंबर हाच खरा पत्ता. मॉडेलचं नाव सांगून ड्रॉइंग मागितलंत तर मिळेल ते त्या मॉडेलचं सर्वसाधारण ड्रॉइंग. जुन्या काळी प्रत्येक इमारतीसाठी मजले, दारांचा प्रकार, ऑपरेटर आहे की नाही यानुसार पॅनेल वेगळं वायर केलेलं असायचं. एकाच गल्लीतल्या, एकाच वर्षी बसवलेल्या दोन लिफ्टचे टर्मिनल नंबर वेगळे निघालेले मी पाहिले आहेत.

२. कागद गोळा करा

पहिलं ठिकाण पॅनेलचं दार. आत कप्पा असतो, त्यात घडी घातलेला कागद. बहुतेक वेळा तो अमोनिया प्रिंट (ड्रॉइंगची जुन्या पद्धतीची प्रत) असतो आणि मशीन रूमच्या खिडकीतून ऊन येत असेल तर रेघा उडालेल्या असतात. वाळवी लागली नसेल तर नशीब. उलगडताना घडीवर फाटतो, म्हणून आधी आहे त्या घडीत फोटो घ्या, मग सपाट करा.

दुसरं ठिकाण सोसायटीचं कपाट. लिफ्टचा परवाना, निरीक्षकाचे जुने शेरे, लेआउट ड्रॉइंग, आधीच्या एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) सर्व्हिस स्लिपा. स्लिपा लोक फेकून देतात, पण 'मेन काँटॅक्टर बदलला' (काँटॅक्टर म्हणजे मोटरला वीज जोडणारा मोठा रिले) किंवा 'फेज रिव्हर्सल रिले नवीन बसवला' अशा ओळी तिथेच सापडतात. पॅनेलमध्ये मूळ ड्रॉइंगपेक्षा वेगळं काय आहे, याचा तो एकमेव इतिहास.

तिसरं, मूळ कंपनी. सोसायटीच्या लेटरहेडवर, जॉब नंबर घालून पत्र द्या. आपण ठेकेदार म्हणून मागितलं तर हात हलवत परत येतो. मालक म्हणून सोसायटीने मागितलं तर बोलणं तरी होतं. कंपनी विकली गेली असेल तर ज्यांनी घेतली त्यांना विचारा.

चौथं, मेकॅनिक लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफ. मी त्या वाचतो. त्या कंपनीचे लोक रिलेला काय नाव देतात, सर्किट कोणत्या क्रमाने मांडतात, हे समजायला छान. पण त्या उघडून पॅनेलमध्ये स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही. माझी झेरॉक्स हीच त्या काळची व्हॉट्सअॅप पीडीएफ होती.

एकूण हाताशी हवं ते असं:

- सर्किट डायग्राम, रिव्हिजन नंबर आणि तारखेसह
- टर्मिनलचा तक्ता आणि ट्रॅव्हलिंग केबलच्या (केबिनबरोबर हलणाऱ्या केबलच्या) तारांची यादी
- कामाचा क्रम सांगणारं पान (कोणता रिले कधी उचलतो, कधी सुटतो)
- ब्रेक, गव्हर्नर (वेग जास्त झाला तर लिफ्ट थांबवणारं यंत्र), दार यांच्या सेटिंगचं मॅन्युअल
- सुट्या भागांची यादी, कॉइलच्या व्होल्टेजसह
- परवाना, निरीक्षणाचे अहवाल, सर्व्हिसची वही

यातलं कामाच्या क्रमाचं पान सगळ्यात कमी वेळा मिळतं आणि सगळ्यात जास्त लागतं.

३. कागद याच पॅनेलचा आहे हे सिद्ध करा

आधी कोपऱ्यातला चौकोन बघा: जॉब नंबर, ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन. मोठी ड्रॉइंग चार-पाच पानांची असतात आणि त्यातलं एखादं पान जुन्या रिव्हिजनचं राहून गेलेलं असतं. सगळ्या पानांवरची रिव्हिजन तपासा.

मग मोजणी. ड्रॉइंगमध्ये किती रिले, किती काँटॅक्टर, किती फ्यूज? पॅनेलमध्ये किती? पॅनेलमध्ये जास्त असतील तर कुणीतरी भर घातली आहे. कमी असतील तर काहीतरी काढून टाकलं आहे, आणि हे जास्त वाईट.

तिसरी पायरी वेळखाऊ आहे, ती टाळू नका. मेन बंद करून, कुलूप लावून (कसं ते पाचव्या पायरीत) सुरक्षा साखळीतली प्रत्येक तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मीटरने वाजवून बघा (तार अखंड असेल तर मीटर वाजतो). सगळं पॅनेल नाही, फक्त सुरक्षा साखळी: गव्हर्नरचा स्विच, सेफ्टी गिअरचा (केबिनला रुळांवर पकडणाऱ्या यंत्रणेचा) स्विच, पिटमधला स्टॉप, केबिनच्या छपरावरचा स्टॉप, वरचा आणि खालचा फायनल लिमिट (केबिन शेवटच्या मजल्यापलीकडे गेली तर लिफ्ट थांबवणारा स्विच), कार गेट, प्रत्येक मजल्याचं लॉक. एक जण मशीन रूममध्ये, दुसरा त्या त्या स्विचपाशी. स्विच उघडला की मीटर गप्प व्हायला हवा. झाला नाही तर तो काँटॅक्ट कुणीतरी कायमचा शॉर्ट केलेला आहे. असं सापडतं, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा सापडतं. सापडलं तर लिफ्ट बंद ठेवायची आणि लेखी कळवायचं. 'उद्या बघू' हे चालत नाही.

तारांवरच्या फेरूल (तारेच्या टोकाला घातलेली नंबरची छोटी नळी) नंबरांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. फेरूल कडक होऊन तुटतं, मग मेकॅनिक हाताला येईल ते नंबर घालतो. ६ आणि ९ उलटे वाचले जातात हा वेगळाच ताप.

पडताळलेली प्रत्येक तार फोटोकॉपीवर पिवळ्या मार्करने रंगवा. फरक दिसला तर लाल पेनाने, तारीख आणि सही घालून लिहा. मूळ प्रतीवर काहीही लिहायचं नाही. अर्ध्या दिवसात रंगवलेली ती कॉपी पुढची दहा वर्षं कामी येते.

ड्रॉइंग मुळातच नसेल तर? मग हीच पद्धत उलट: तार वाजवायची, कागदावर काढायची, दुसऱ्याने स्वतंत्रपणे परत वाजवायची. दोघांचं जुळलं तेवढंच पक्कं. सुरक्षा साखळी आणि ब्रेक-मोटरचं सर्किट काढून होईपर्यंत दुरुस्तीला सुरुवात करू नका.

४. जुनं ड्रॉइंग वाचायची रीत

इथे थोडक्यात सांगतो, कारण हे वाचून नाही, पॅनेलसमोर उभं राहून येतं. रिलेची कॉइल एका ओळीत असते आणि तिचे काँटॅक्ट दुसऱ्या पानांवर विखुरलेले. त्यांना जोडणारं फक्त नाव असतं. काँटॅक्ट सहसा रिले सुटलेल्या स्थितीत दाखवतात, पण केबिन कुठे आहे आणि दारं बंद धरली आहेत की उघडी, ते कोपऱ्यातल्या टिपेत असतं. ती टीप आधी वाचा. ती न वाचता लिमिट स्विच उलटा समजलेले दोन जण मला माहीत आहेत, त्यातला एक मी.

५. वीज बंद म्हणजे खरोखर बंद

मेन स्विच खाली, त्याला आपलं कुलूप, किल्ली आपल्या खिशात, आणि पाटी. वॉचमनला तोंडी सांगणं म्हणजे कुलूप नव्हे. मग मीटर: आधी चालू असलेल्या जागी लावून मीटर ठीक आहे ते बघा, मग पॅनेलमध्ये तिन्ही फेज एकमेकांत आणि अर्थशी मोजा, मग मीटर परत चालू जागी तपासा.

एवढं करूनही पॅनेलमध्ये करंट असू शकतो, तो असा:

केबिनच्या दिव्या-पंख्याची लाइन बहुधा वेगळ्या स्विचवरून येते. मेन पाडला तरी ती जिवंत.

शेजारी जोडीची लिफ्ट असेल तर दोन्ही पॅनेल एकमेकांना तारांनी जोडलेली असतात. दुसऱ्या पॅनेलचा व्होल्टेज आपल्यात येतो.

आणि एआरडी. वीज गेली की बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेणारा हा डबा आपल्याकडे जुन्या लिफ्टना मागाहून सर्रास बसवलेला असतो. मूळ ड्रॉइंगमध्ये तो नसतोच. तुम्ही मेन पाडता, एआरडीला वाटतं वीज गेली, आणि तो केबिन हलवायला निघतो. एआरडी आधी बंद करायचा, त्याची बॅटरी तोडायची, मगच मेन. पॅनेल उघडण्याआधी मी मशीन रूममध्ये नजर फिरवून हा डबा शोधतो.

जुन्या पॅनेलला मागाहून ड्राइव्ह लावलेला असेल तर त्याच्या कपॅसिटरमध्ये ४१५ व्होल्टच्या लाइनवर सुमारे ५८५ व्होल्ट डीसी साठतो. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबा आणि मोजून बघा.

विजेशिवाय आणखी एक ताकद असते, वजन. काउंटरवेट, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकणारं वजन, हे केबिनचं वजन अधिक क्षमतेच्या साधारण ४० ते ५० टक्के भार एवढं असतं. म्हणजे रिकाम्या केबिनपेक्षा ते जड. अडकलेल्या माणसाला काढायला ब्रेक हाताने सोडला की नव्या मुलाला वाटतं केबिन खाली येणार. एक-दोन माणसं असलेली केबिन वर जाते. हाताने ब्रेक सोडणं एकट्याने कधीच नाही, मॅन्युअलमधल्या क्रमाशिवाय तर नाहीच.

६. कंट्रोल सर्किटचा कोणता पाय अर्थ केलाय?

माझ्या मते या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि याबद्दल कुणी शिकवत नाही.

समजा कंट्रोल सर्किट ११० व्होल्टचं आहे. फ्यूजमधून निघालेली तार सुरक्षा साखळीतून जाते, मग काँटॅक्टरच्या कॉइलमधून, मग कॉमनला. हा कॉमन अर्थ केलेला असेल तर शाफ्टमध्ये एखाद्या तारेचं आवरण घासून ती लोखंडाला लागली की सरळ शॉर्ट होतो, फ्यूज उडतो, लिफ्ट थांबते. लोक वैतागतात, पण सुरक्षित.

आता कुणी जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलताना सेकंडरीची टोकं उलटी जोडली. कॉइल फ्यूजच्या बाजूला आणि साखळी अर्थच्या बाजूला आली. लिफ्ट तशीच चालते, फरक कुणाला कळत नाही. पण आता कॉइल आणि साखळी यांच्यामधली तार लोखंडाला लागली तर कॉइलला अर्थमधून परतीचा रस्ता मिळतो आणि पुढचे सगळे काँटॅक्ट वगळले जातात. दार उघडं असतानाही काँटॅक्टर उचलतो. फ्यूज उडत नाही.

कुठलाच पाय अर्थ केलेला नसेल तर पहिला दोष कळतच नाही आणि दुसरा दोष मधले काँटॅक्ट ओलांडून जातो. पावसाळ्यात पिटमध्ये पाणी साचणाऱ्या इमारतींत दोन दोष एकाच वेळी असणं काही नवलाचं नाही.

म्हणून ट्रान्सफॉर्मर किंवा रेक्टिफायर बदलल्यावर, आणि कुठलंही जुनं पॅनेल पहिल्यांदा हातात घेतल्यावर, वीज बंद करून कॉमन आणि अर्थ यांच्यात मीटर लावा आणि ड्रॉइंगशी ताडून बघा. ड्रॉइंगमध्ये मुद्दाम अर्थ न केलेलं असेल तर आपल्या मनाने अर्थ जोडू नका, सिनियरला विचारा. इन्सुलेशन मोजायला मेगर लावताना मागाहून बसवलेली इलेक्ट्रॉनिक कार्डं आधी सोडवा, नाहीतर ५०० व्होल्टमध्ये ती जातात आणि बिल तुमच्या नावावर येतं.

७. जंपर

जंपर, म्हणजे काँटॅक्ट ओलांडायला तात्पुरती लावलेली तार, वापरूच नका असं सांगणारा माणूस कधी साइटवर गेलेला नसतो. दोष शोधायला कधी कधी लागतो. माझे नियम एवढेच: लिफ्ट इन्स्पेक्शन मोडवर, म्हणजे मजल्यावरच्या बटणांना उत्तर देणार नाही अशी. प्रत्येक मजल्यावर अडसर आणि पाटी. जंपर लाल, एक मीटर लांब, नंबर टाकलेले. पिशवीत सहा असतील तर काम संपल्यावर सहाच मोजून परत. कार गेट आणि मजल्यांची लॉकं एकाच जंपरने एकत्र कधीच ओलांडायची नाहीत. तारेचा बारका तुकडा वापरायचा नाही, तो टर्मिनलच्या गर्दीत दिसत नाही आणि राहून जातो.

काँटॅक्टर बोटाने किंवा स्क्रूड्रायव्हरने दाबून लिफ्ट चालवणं हा याहून वाईट प्रकार. जंपर एक-दोन काँटॅक्ट ओलांडतो. हाताने दाबलेला काँटॅक्टर सगळी साखळीच ओलांडतो, फायनल लिमिटसकट. उस्ताद लोक ऐटीत करून दाखवतात. बघा, पण शिकू नका.

८. सुटा भाग 'बसतो' म्हणजे चालतो असं नाही

कॉइलचा व्होल्टेज आणि एसी-डीसी तर बघालच. त्यापुढचं बघा. काही जुने रिले मुद्दाम उशिरा सुटणारे असतात. कॉइलला समांतर कपॅसिटर असतो किंवा गाभ्यावर तांब्याची कडी. त्याजागी साधा रिले लावला की क्रम बिघडतो, आणि ब्रेक लागायची वेळ बदलल्याने मजल्याची पातळी चुकायला लागते. कामाच्या क्रमाचं पान इथे लागतं.

दाराच्या लॉकमध्ये असा काँटॅक्ट लागतो जो दार उघडताना यांत्रिक रेट्याने उघडतोच, चिकटला असला तरी. स्प्रिंगवर टिकटिकणारा साधा मायक्रोस्विच तिथे लावू नका. वर आणि खाली नेणाऱ्या काँटॅक्टरमधलं यांत्रिक इंटरलॉक (दोन्ही एकाच वेळी उचलू न देणारी अडकण) नव्या जोडीतही हवंच.

एक बाजूचं सांगतो: फार जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये आणि काँटॅक्टरच्या ठिणगी-झाकणांमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्लोअर मारून साफ करू नका. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

पूर्ण कंट्रोलर बदलायचा असेल तर ते देखभालीत मोडत नाही. महाराष्ट्रात १९३९ च्या मुंबई लिफ्ट कायद्याच्या जागी २०१७ चा राज्याचा कायदा आला आहे. अशा बदलाला परवानगी लागते. सोसायटीला आधी लिफ्ट निरीक्षकांच्या कार्यालयाकडे पाठवा. तांत्रिक बाबतीत भारतीय मानक आयएस १४६६५ चे भाग आणि त्यानंतरचं आयएस १७९०० हाताशी ठेवा.

९. काम झाल्यावर

जंपर मोजा. मग लिफ्ट इन्स्पेक्शनवर वर-खाली, मग नॉर्मल. प्रत्येक मजल्यावर दार पूर्ण लावलेलं नसताना लिफ्ट निघत नाही ना, हे स्वतः बघा; एका मजल्यावर बघून बाकीचे गृहीत धरू नका. प्रत्येक स्टॉप स्विच दाबून बघा. ज्या भागाला हात लावला नव्हता तोही.

वहीत लिहिताना 'लिफ्ट चेक केली, ओके' असं लिहू नका. 'तिसऱ्या मजल्याचा लॉक काँटॅक्ट बदलला, टर्मिनल २२-२३, ड्रॉइंग पान २ रिव्हिजन सी प्रमाणे' असं लिहा. रंगवलेली कॉपी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पॅनेलच्या दाराला आतून लावा, एक प्रत सेक्रेटरींना सही घेऊन द्या, एक स्कॅन करून फाइलच्या नावात जॉब नंबर घाला. पाकीट लावताना तळाशी सिलिका जेलची पुडी टाका आणि ते खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवा.